सहावं बेट

"सहाव्या बेटावर कोण राहतं?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"शाब्बास. निर्जन." बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला आणि खाली रेघ ओढली. रेघ सरळ आली. आत काही हललं नाही. हा धडा शिकवायचं त्यांचं हे चौथं वर्ष. पहिल्या वर्षी हा शब्द लिहून झाल्यावर त्या नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या होत्या. आता तेवढंही लागत नव्हतं. सवय झाली की माणूस काय वाट्टेल ते गिळतो.

शेवटच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. मुलांच्या बाकावर मोठा माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात, तसे बसले होते बिचारे, मांडीवर वही उघडून. आज त्यांनी 'योग्य' असा शेरा दिला की बाई कायम. नाही दिला, तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून तपासणीला जाणार. आणि बाईंना परवडणारं नव्हतं ते हेच. त्यांच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून हेच शहर लिहिलेलं होतं. पण हे शहर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या जन्मल्या होत्या सहाव्या बेटावर.

तिथं तापाची साथ आली. दर तीन माणसांमागे एक गेलं. उरलेल्यांना बोटींत घालून इकडे आणलं, तर इकडचे लोक नळावर पाणी भरू देईनात, खोली भाड्यानं देईनात. 'बेटकरी' म्हटलं की नाकाला रुमाल. शेवटी वडिलांनी एक दिवस कुठून तरी नवे दाखले आणले आणि मायलेकींना बजावलं, "आपण तिथले नाही. कुणी कितीही खोदून विचारलं तरी नाही." लेक शहाणी, तिनं ऐकलं. बाकीचे बेटकरीही असेच पांगले. कोण कुठं गेलं, कुणी कुणाला विचारलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना तरी काय पडलं होतं? बेट निर्जन. झालं, मिटलं.

धडा चांगला चालला होता. मुलांनी पहिल्या बेटावरची मिठागरं सांगितली, दुसऱ्यावरचं दीपगृह सांगितलं, तिसऱ्यावरचे होड्या बांधणारे कारागीर सांगितले. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात खिडकीजवळच्या पोरीनं हात वर केला. हिला वर्गात सगळे शंकेखोर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे.

"बाई, पुस्तकात लिहिलंय, सहाव्या बेटावर गोड्या पाण्याची विहीर आहे. तिथं कुणी राहतच नव्हतं, तर मग ती खणली कुणी?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ती विहीर त्यांच्या आजोबांनी खणली होती. पाणी लागलं त्या दिवशी म्हातारा आत बसून लहान पोरासारखा रडला, असं आई सांगायची.

"खलाशांनी खणली असेल," बाई म्हणाल्या. "बोटी पाणी भरायला थांबत असतील. ही बघा, इथं. वरच्या टोकाला."

आणि खडू फळ्यावरच्या नकाशात अगदी खाली टेकला.

"बाई, ते खालचं टोक आहे," शंकेखोर म्हणाली. "दक्षिण खाली असते. तुम्हीच तर शिकवलंत."

सहाव्या बेटावर दक्षिण म्हणजे वर. वारा तिकडून यायचा, होड्या तिकडे जायच्या, म्हणून ते 'वर'. मग वाट उताराची का असेना, माणूस 'जरा वर जाऊन येतो' म्हणूनच निघायचा. जगात दुसरीकडे कुठंच असं बोलत नाहीत. वडिलांनी चापट्या मारमारून लेकीची ती खोड मोडली होती. तेवीस वर्षांत जीभ एकदाही घसरली नव्हती. घसरली ती नेमकी आज, साहेबांसमोर.

"चुकलं माझं. खालच्या टोकाला," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईंनी ते पाहिलं. आता संपलं, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण काहीच वाटलं नाही. मुंग्या आलेल्या पायावर उभं राहावं, तशा उरलेली दहा मिनिटं त्या शिकवत राहिल्या.

तास संपल्यावर साहेबांनी त्यांना मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई चहाचं बघायला बाहेर गेल्या होत्या. साहेबांनी बाईंचा अर्ज पुढे ओढला आणि जन्मगावाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"जन्म इथलाच?"

"हो, साहेब."

"सहाव्या बेटावर कधी गेला नाहीत?"

"निर्जन आहे ते, साहेब. तिथं कोण कशाला जाईल?"

साहेबांनी रकान्यावरचं बोट उचललं. मग त्यांनी पेन उघडलं, 'योग्य' असं लिहून खाली सही केली आणि कागद बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो दोनदा वाचला. चार वर्षं याच कागदासाठी जीव टांगणीला लागला होता. आता तो हातात आला, तर आनंदही होईना. संध्याकाळी आईला सांगावं लागेल, एवढंच मनात आलं.

"वर-खालीचं मी शेऱ्यात घातलेलं नाही," साहेब म्हणाले. "पण जपत जा. मला ती खोड मोडायला अकरा वर्षं लागली."

बाईंनी मान वर केली. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग आवाज अगदी हळू करून त्यांनी विचारलं,

"तू कुणाची गं?"