चिझुरूची सवत

मांगा या जपानी चित्रकथेचा नायक मेला, तर फायदा एकट्या चिझुरूचा होता. तिचा नवरा अठ्ठावीस वर्षं त्यालाच चितारत बसला होता. मुलगी जन्मली त्या आठवड्यात नायक कड्याला लोंबकळत होता, म्हणून बाप दवाखान्यात फिरकला नाही.

वाचकांनी शेवट ओळखला की तो हटकून बदलायचा, ही नवऱ्याची खोड. चिझुरूने खोट्या नावाने ऑनलाइन लिहिलं, "नायक मरणार नाही. म्हाताऱ्याची तेवढी छातीच नाही."

"छाती नाही? थांब लेका, दाखवतोच!" नवरा उसळला.

"जाऊ द्या हो," चहा ओतत ती म्हणाली.

महिन्याभरात नायक मारला गेला, मालिका संपली.



नायक मेला आणि सुटला. भोगतेय चिझुरू: नवरा आता दिवसभर स्वयंपाकघरात उभा राहून तिला मुळा चिरायला शिकवतो.