तहानेची पीएचडी

वृषालीने भिरकावलेली पहिली कुंडी माळीकाकांच्या कानाजवळून गेली. दुसरी त्यांच्या गुडघ्यावर फुटली, रक्त आलं आणि ते खालीच बसले.

"अहो मॅडम, हरभऱ्यानं माना टाकल्या होत्या. बघवेना, म्हणून महिनाभर गुपचूप पाणी घातलं!"

"मुद्दामच तोडलं होतं पाणी! रोप किती तहान सोसतं, यावरच पीएचडी आहे माझी!"

आरडाओरडा ऐकून तिचे गाईड, निमकर सर, आले. त्यांनी रक्ताकडे पाहिलं, टवटवीत हरभऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"प्रयोग पुन्हा लाव. दोनच वर्षं जातील. मुलांचे पेपर तपासायला मला तसंही कुणीतरी हवंच आहे."

वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माळीकाका लंगडत उठले आणि सरांकडे बघत त्यांनी रांगेतली सर्वांत मोठी कुंडी तिच्या हातात दिली.

"ही घ्या मॅडम. आत्ताच भिजवलीय, चांगली जड आहे."