नावाडीण

"त्या बायकांच्या नादी लागू नकोस. काम सांगायचं, काम करून घ्यायचं. बाकी तोंडाला कुलूप."

बाई इस्पितळाच्या धुलाईघरात देखरेखीला रुजू झाल्या, त्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने बजावलं होतं. तो जगाचे टक्केटोणपे खाल्लेला माणूस. सकाळी स्वतः फाटकापर्यंत सोडायचा, संध्याकाळी न्यायला हजर, जेवणाच्या सुट्टीत न चुकता फोन. परिचारिका म्हणायच्या, नशीब काढलंत हो बाई. बाई मान डोलवायच्या.

बायकांबद्दल त्याचं काही खोटं नव्हतं. त्यांचं काहीतरी शिजत होतं.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. टोकं धरून लांब उभं राहायचं, चादर ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक जुळलं की एकीने एक वाक्य बोलायचं, असा त्यांचा खेळ होता. त्या वाक्यावाक्यांतून त्यांनी एक गाव वसवलं होतं. गावातला दवंडीवाला मुका होता, न्हावी टकला होता, आणि विहिरीला दार होतं, कारण विहीर लाजरी होती. एकदा बोललं ते झालं, मागे घ्यायचं नाही. आणि गावात दिलेला शब्द मोडायचा नाही.

पोरकटपणा म्हणून बाईंनी आधी कानाडोळा केला. पण हल्ली त्या आत आल्या की गावकऱ्यांवरचं हसणं थांबायचं आणि गोष्ट गावातल्या नावाडिणीवर यायची.

"नावाडी तर पुढच्या फाटकावरच बसलेला असतो," इस्त्रीवाली म्हणायची. "नावाडीण निघणार कुठून?"

"मागच्या दाराने," मावशी म्हणायची. मावशी सगळ्यांत जुनी; घडी घालताना तिची नजर चादरीवर नसायचीच. "किल्ली मिळेल. गाडीवाल्याला विचारलंय."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या दाराने मळक्या कपड्यांची गाडी जायची. गावात कसली गाडी आणि कसला गाडीवाला? दुसऱ्या दिवशी खळीच्या पिंपामागे एक कापडी पिशवी दिसली. बाई जवळ जाताच इस्त्रीवालीने पायाने ती आत सरकवली आणि उगाचच खोकली.

चादरी चालल्या होत्या, दुसरं काय. आणि चोरी उघड झाली तर पहिलं बोट देखरेखवालीकडेच उठणार. एक तक्रार आली की नोकरी बंद, असं घरी आधीच ठरलेलं होतं. मग दिवसभर त्या चार भिंती.

चोर पकडायचा तर चोरांत मिसळावं लागतं. एका दुपारी त्यांनी मावशीच्या समोरचं टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, मलाही येऊ द्या तुमच्या गावात. इस्त्रीवाली म्हणाली, "या की. जकात नाही आमच्याकडे."

बाईंना खेळ जमला. त्यांनी न्हाव्याला आरशाची भीती घातली, तेव्हा बायका पोट धरून हसल्या. बाईसुद्धा हसल्या. किती दिवसांनी, ते त्यांनाही आठवेना. चादर झटकताना बाही कोपरापर्यंत मागे सरकली, ती त्यांनी खाली ओढली.

टोकं जुळली. मावशीने विचारलं, "नावाडिणीला पोहता येतं, रस्ता ठाऊक आहे. मग ती पलीकडे का जात नाही?"

"नावाडी चांगला माणूस आहे म्हणून," बाई म्हणाल्या. "सगळे तसंच म्हणतात."

इस्त्रीवालीची इस्त्री मध्येच थांबली.

"म्हणजे तिला कुणीतरी न्यायला हवं," मावशी म्हणाली. "कोण नेईल?"

यांचा विश्वास बसायला हवा, बाईंनी हिशोब केला. "मी नेईन."

"शब्द?"

"शब्द."

त्यानंतर बायकांची लगबग वाढली. दबक्या आवाजात खोलीचं बोलणं, गाडीच्या वेळेचं बोलणं. बाई कान टवकारून होत्या. मुद्देमालासकट पकडायचं, एवढंच राहिलं होतं.

आठवड्याच्या शेवटी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. आज तो लवकर, सुट्टी संपताच न्यायला येणार होता. उद्यापासून कामावर जायची गरज नाही, म्हणाला, घरी बसून बोलू. बाईंनी फोन ठेवला आणि कोरड्या आवाजात सांगितलं, मी आज लवकर जाणार. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशी उठली आणि पिंपामागे गेली.

नोकरी तर गेलीच होती. निदान चोर पकडल्याचं नाव तरी राहील. बाई तिच्या मागोमाग गेल्या आणि तिच्या हातून पिशवी हिसकावून घेतली.

"उघडा," मावशी शांतपणे म्हणाली. "तुमच्यापासून काय लपवायचं?"

आत चादरी नव्हत्या. दोन जोड कपडे होते, नवे शिवलेले, बाह्या पार मनगटापर्यंत. खाली नव्या चपला. मुक्या मारावर लावायचं मलम. आणि मागच्या दाराची किल्ली.

"माप इस्त्रीवालीने नजरेनेच घेतलंय, थोडं इकडेतिकडे असेल," मावशी म्हणाली. "माझ्या बहिणीकडची माडीवरची खोली झाडून ठेवलीय. गाडी उभी आहे."

पुढच्या फाटकावर ओळखीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, जरा लांब.

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली, किल्ली मुठीत घट्ट धरली, आणि नावाडिणीला पलीकडे पोचवायला मागच्या दाराकडे चालू लागल्या.