झोपू नये

खाडकन पट्टी वाजली. "ए गाठोडेवाल्या, ऊठ. ही काय धर्मशाळा आहे?"

गाठोडेवाला जागाच होता. पेपर वाचता वाचता त्याची मान जरा खाली गेली होती, इतकंच. त्याला घर नव्हतं. होतं ते सगळं पाठीवरच्या गाठोड्यात मावायचं. वाचनालयाचा शिपाई मोठा कर्तव्यदक्ष. भिंतीवर पाचवा नियम होता, 'वाचनकक्षात झोपू नये.' गाठोडेवाल्याची पापणी मिटली, की पाच मिनिटांच्या आत लाकडी पट्टी हजर.

समोरच्या टेबलावर निवृत्त मुख्याध्यापक असत. गेली नऊ वर्षं ते रोज अग्रलेखावर डोकं टेकून घोरत. त्याला शिपाई 'चिंतन' म्हणायचा. तेवढा वेळ तो पंखा वाढवून ठेवी आणि स्वतः चवड्यांवर चाले.

आज अकराच्या सुमाराला गाठोडेवाला हळूच म्हणाला, "दादा, सर घोरत नाहीयेत."

"मग तुझं का पोट दुखतंय?"

"जरा हलवून बघा ना."

"मी? सरांना?" शिपायाचा हात आपसूक कानाकडे गेला. "अरे, छड्या खाल्ल्यात मी त्यांच्या."

शेवटी गाठोडेवालाच उठला आणि त्याने सरांच्या खांद्यावर हात ठेवला. शिपायाने त्याला दंड धरून बाहेर काढलं. "बरं केलंत," एक वाचक पेपरामागून म्हणाला. गाठोडेवाला खिडकीशी गेला आणि काचेवर टकटक करत राहिला. सरांची झोप मोडेल म्हणून शिपायाने पडदा ओढला.

दुपारी एकला कुलूप लावायची वेळ झाली. शिपाई सरांजवळ जाऊन अदबीने खाकरला. पुन्हा खाकरला. मग घाबरत घाबरत त्याने सरांचा हात धरला. हात गार होता.

समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मग घड्याळ पाहिलं.

"साखर उतरली असणार. दोन तास आधी कुणी हलवून पाहिलं असतं, तर एका इंजेक्शनवर उठून बसले असते."

पट्टी शिपायाच्या काखेत तशीच होती. गाठोडेवाला दारात उभा होता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"त्या खुर्चीत मी असतो, दादा," तो म्हणाला, "तर तुम्ही पाच मिनिटांत उठवलं असतंत."