भिंतीवरची जमुना

“ही मधली बाई खरी आहे की मनातली?” गटविकास अधिकाऱ्यांनी भिंतीकडे बोट करून विचारलं.

“खरी आहे, साहेब. जमुनाबाई. याच गावच्या,” अनुपमा म्हणाली.

अनुपमा अमरावतीच्या चित्रकला वर्गात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या गावात राहून गावासाठी एक भिंत रंगवायची, असं अठ्ठावन्न साली नव्यानेच ठरलं होतं. तिच्या वाट्याला मूर्तिजापूरजवळचं हे गाव आलं. सरकारी पैशातून बांधलेली नवी विहीर आणि तिच्या पाठीशी पंचायतीची कोरी भिंत. विषय वरूनच ठरून आला होता : ‘एक गाव, एक पाणी’.

तिने विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका काढल्या. मधोमध, पितळी घागर कमरेवर घेऊन हसणारी जमुना. जमुना गावाखालच्या वस्तीतली. भिंतीला चुना द्यायला मजुरीने आली होती. तिच्या वस्तीला विहिरीच्या ओट्यावर चढायची बंदी होती. कायद्यात नव्हती, गावात होती. अनुपमाला ते ठाऊक होतं. म्हणूनच तिने तिला मधोमध काढलं होतं. सरपंच खुशालराव चिडतील म्हणून ती मनाची तयारी करून होती. पण ते चित्र बघून नुसते हसले होते.

“काढा, बाई, काढा. चित्रातल्या पान्याले इटाळ होत नाही.”

“बोलवा त्या बाईला,” साहेब आता म्हणाले. “चित्राशेजारी उभी करून फोटो घेऊ. अकोल्याच्या प्रदर्शनात लावता येईल.”

जमुना गर्दीच्या पार मागे उभी होती. कमरेवरचं मातीचं मडकं सावरत ती पुढे आली, ओट्याच्या खालीच थांबली. फोटोग्राफरने तिला न्याहाळलं.

“हे मडकं नको. चित्रात पितळी घागर आहे.”

खुशालरावांचा चेहरा क्षणभर आवळला. मग त्यांनी आपल्या गड्याला, नत्थूजीला, घरी पाठवलं. चिंचेने घासलेली लखलखीत घागर आली. नत्थूजीने ती जमुनाच्या हातात दिली नाही, खाली ठेवली. जमुनाने उचलली.

“आता वर चढा,” फोटोग्राफर म्हणाला.

जमुनाने खुशालरावांकडे पाहिलं.

“चढ न, जमुने. सायब सांगून राहिले.”

ती चढली. कोवळ्या पोराने पाण्यात पाय घालावा तसा तिने ओट्यावर पाय टाकला. पाऊल टेकल्यावर एकदा खाली वाकून विहिरीत पाहिलं. आत पाणी चमकत होतं, एका दोराएवढंच लांब.

“घागर रिकामी दिसते हो,” फोटोग्राफर ओरडला. “जरा वाका. भरलेली वाटली पाहिजे.”

जमुना वाकली. रिकाम्या घागरीच्या वजनाने कमरेत कलली आणि चित्रातल्यासारखी हसली. फोटो निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अनुपमाने पुढे होऊन दोर हातात घेतला. “आता भरूनच देते मी, जमुनाबाई. आणा घागर.”

“फोटो झाला, बाई,” खुशालराव तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले. दोर त्यांनी तिच्या हातातून अलगद सोडवून घेतला. मग मोठ्याने म्हणाले, “घागर तिलेच राहू द्या. आपल्याकडून भेट!”

“वा, खुशालराव! मन मोठं आहे तुमचं,” साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या.

नत्थूजी जवळच उभा होता. “मालक, कोरी घागर होती न,” तो पुटपुटला.

“मंग? आता घरात कोन घेते तिले?” खुशालराव हसऱ्या तोंडाने म्हणाले. “आन आयक, जीप गेली का वट्टा धुऊन घेजो.”

अनुपमाने ते ऐकलं. ती साहेबांच्या मागे जीपपर्यंत धावली.

“साहेब, त्यांना इथे पाणी भरू देत नाहीत. आताही दिलं नाही.”

साहेबांनी रुमालाने मान पुसली. “हळूहळू होतं, ताई. ती ओट्यावर चढली, हे काय कमी आहे? तुमचं काम फार सुंदर झालंय. तुमच्या मास्तरांना मी तसं कळवतो.”

जीप गेली. धुरळा खाली बसायच्या आत नत्थूजीने पहिली बादली ओट्यावर ओतली. विहिरीचंच पाणी. ते वाहत येऊन अनुपमाच्या चपलेखालून गेलं.

तिने रंगाच्या सामानातून चुन्याचा डबा आणि मोठा ब्रश उचलला आणि ती वस्तीच्या वाटेला लागली. जमुना नाल्यात होती. उन्हाळ्याने नाला कोरडा पडला होता. रेतीत उकरलेल्या झिऱ्याशी बसून ती करवंटीने पाणी उपसत होती. गढूळ, घोटभर. शेजारी पितळी घागर उन्हात तळपत होती.

“जमुनाबाई, मी ते चित्र पुसून टाकते,” अनुपमा म्हणाली. “आत्ताच. सगळी भिंत पांढरी करते.”

जमुनाने वर पाहिलं. तिच्या हातातला डबा पाहिला. झिऱ्यात पुन्हा जमलेलं पाणी तिने करवंटीने उपसलं.

“काहून पुसता, बाई?” ती म्हणाली. “राहू द्या. तिले तरी भरू द्या पानी.”