आधीचं वाचन

१९९४. रोह्याजवळच्या शाळेत, अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी टेपरेकॉर्डर आला. म्हात्रे गुरुजी दर शुक्रवारी प्रत्येकाचं वाचन टेप करून त्यालाच ऐकवायचे आणि पुढच्या शुक्रवारी त्याच कॅसेटवर नवं भरायचे. वर्षभरात गावातल्या ज्यू घरातली, चौथीतली नाओमी घडाघडा वाचू लागली. मे महिन्यात ती आईबापांबरोबर कायमची इस्रायलला गेली. घरात तिचे आजोबा, आरोनबाबा, एकटे उरले.

जूनमध्ये ते शाळेत आले.

"पोरीचा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं."

गुरुजींनी प्ले दाबलं. नाओमी एकदाही न थांबता अख्खा धडा वाचत गेली.

"ही कोन?"

"नाओमीच, बाबा. बघा किती सुधारली!"

"व्हय. पन आमची अशी नाय वाचायची. शब्दाशब्दाला अडायची, नि माझ्या तोंडाकडं बघायची. ते लावा."

"ते पुसलं गेलं. त्याच्यावरच हे भरलंय."

गुरुजींनी टेप बंद केला.



"ऱ्हाऊ द्या," बाबा म्हणाले. "आता तिकडं हिब्रू वाचताना परत अडत असेल."