शेवटचा बन

हेल्गेची बॅग दाराशी होती. दिवसातली एकुलती एक बस साडेतीनला. माल्मोला लेकीकडे जायचं, कायमचं. शेजारच्या गुनवोरने निरोपाची कॉफी ओतली. बशीत वेलचीचा एकच बन होता.

"घे की."

"छे, शेवटचा आहे. तू घे."

शेवटचा तुकडा उचलायचा नाही, हे त्या गावात बाळकडूतच मिळतं. अर्धा करून घेतलेला चालतो.

अर्धा.

हेल्गेने बन कापला, एक भाग खाल्ला. "उरलेला तुझा."

"एवढा कशाला? मला थोडा पुरे."

चतकोर.

"लेक करते का रे बन?" गुनवोरने आपला वाटा तोंडात टाकत विचारलं.

"विकतचे आणते."

"अरेरे!" तिने पुन्हा कॉफी ओतली.

नितकोर.

"आता घेतला तर हावरट म्हणशील."

"चाळीस वर्षं म्हणतेच आहे."

बाहेर बस थांबली आणि निघून गेली. दोघांनीही बशीवरची नजर काढली नाही.

कण.

आता त्याचे काय तुकडे करणार! हेल्गे बशी घेऊन स्वयंपाकघरात गेला. ओट्यावरचं फडकं जरा सरकलं होतं. खाली तेवीस बन, अजून कोमट. बशी भरून पुढ्यात आली असती, तर एक खाऊन तो वेळेवर उठला असता.

त्याने फडकं पूर्ववत पसरलं आणि हाक मारली,

"गुनवोर, याहून धारदार सुरी आहे का गं?"